जुन्या गाड्या, पेट्रोल आणि नागपूरचं ऊन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी फुटाळा तलावाच्या काठावर पद्मिनी उभी केली की चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत कुणीतरी बोनेटपाशी येतंच. "काका, किती सालची?" मग दुसरा, "देते किती?" आणि तिसरा जरा दुरून, "आता हे सगळं बंदच होणार म्हणतात ना?" तीच ती उत्तरं देऊन चहा थंड होतो, म्हणून इथे लिहून ठेवतो आहे. मी मेकॅनिक नाही. बँकेत नोकरी करतो. शनिवारी नखांत गेलेलं ग्रीस सोमवारी काउंटरवर बसेपर्यंत निघत नाही, एवढीच माझी पात्रता.

तुमच्याकडे नेमक्या कोणत्या गाड्या आहेत?

दोन. एक १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, बाबांची. दुसरी २००१ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक, माझ्या पगारातून घेतलेली. पहिलीसोबत लोक फोटो काढतात, दुसरीकडे कुणी ढुंकून बघत नाही. काळजी मात्र मला दुसरीचीच जास्त वाटते. का, ते पुढे येईल.

देते किती?

पद्मिनी शहरात अकरा-बारा. पुढचा प्रश्न.

पद्मिनी विंटेज आहे का? विंटेज आणि क्लासिक यांत फरक काय?

कायद्यानं विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीला पन्नासहून जास्त वर्षं झालेली आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडी. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्यासाठी वेगळी तरतूद आली. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षांची, नूतनीकरणाला ५ हजार, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण एक मोठी मेख आहे. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्तीला नेणं, एवढ्याचसाठी ती रस्त्यावर यायची. म्हणजे फुटाळ्याला चहा प्यायला जाणं कशात बसतं, हा वादाचा मुद्दा.

'क्लासिक' या शब्दाला असा कायद्याचा आधार नाही. ज्या गाडीचे पार्ट दुकानात मिळत नाहीत पण आठवणी चौकाचौकात मिळतात, ती क्लासिक, असं आमचे मिस्त्री म्हणतात. माझी पद्मिनी चाळिशीतली, म्हणजे सरकारदरबारी ती फक्त जुनी गाडी.

फियाट की अँबॅसडर?

आमच्या लहानपणी यावरून घरं ओळखली जायची. सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांत सरकारी पांढरी अँबॅसडर. इतवारीच्या व्यापाऱ्याकडेही अँबॅसडरच, पण डिक्कीत माल आणि आत आठ माणसं. धरमपेठ-रामदासपेठेतल्या डॉक्टर-वकिलांकडे फियाट. आमच्या बाबांनी मास्तरकीच्या पगारात फियाट घेतली, तर वाड्यातल्या लोकांनी महिनाभर त्यांना 'डॉक्टर' म्हणून चिडवलं.

अँबॅसडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज तीन. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत ती बनत राहिली. १४८९ सीसीचं जुनं बीएमसी इंजिन धीमं, पण लाथा खाऊन चालणारं. १९९० नंतर इसुझूचं १.८ लिटर इंजिन आलं तेव्हा कुठे तिला जरा पाय फुटले. ब्रेक मात्र आधी मनात मारावे लागत, मग पायानं.

पद्मिनी मूळची इटलीची, फियाट ११०० डिलाइट. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, १९७० च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसी, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती. आकडा ऐकून आजची पोट्टी हसतात. पण ही गाडी नऊशे किलोच्या आत आहे, स्टिअरिंग हलकं आहे आणि गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे. तिसऱ्यातून दुसऱ्यात आणताना मनगटाला जो छोटा वळसा घ्यावा लागतो, तो एकदा जमला की जन्मात विसरत नाही. सेमिनरी हिल्सचा चढ दुसऱ्या गियरमध्ये घेताना वेग असतो जेमतेम पस्तीस, आणि वाटतं मात्र आपण रॅलीच जिंकतो आहोत.

तेव्हा उत्तर: फियाट. अँबॅसडरवाल्यांनी रागवू नये, लग्नाच्या वरातीला तुमचीच गाडी लागते.

याशिवाय आवडत्या जुन्या गाड्या?

स्टँडर्ड हेरल्ड. मद्रासला बनायची. बोनेट मडगार्डांसकट सगळंच पुढे पडतं आणि आतलं इंजिन ताटात वाढल्यासारखं समोर येतं. पुढच्या चाकावर बसून टॅपेट सेट करता येतात, एवढी सोय आजच्या कोणत्या गाडीत आहे? डुक्कर फियाट, म्हणजे गोल पाठीची, पुढची दारं उलटी उघडणारी, तीही आवडते, पण लांबून. तिचे पार्ट शोधण्यात माणसाचं आयुष्य जातं. आणि काँटेसा. व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा साचा आणून १९८४ मध्ये हिंदुस्तान मोटर्सनं आणली. दिसायला अमेरिकन, आणि सुरुवातीला आत अँबॅसडरचंच दीड लिटरचं इंजिन! पैलवानाच्या अंगात शाळकरी पोराचं काळीज. इसुझूचं १.८ आल्यावर ती खरी काँटेसा झाली. घ्यायची असेल तर तीच बघा.

'खरी' परफॉर्मन्स गाडी म्हणून कुठली सांगाल?

माझी दुसरी गाडी. २००० च्या सुमारास होंडानं सिटीमध्ये १.५ लिटरचं व्हीटेक इंजिन दिलं, १०६ बीएचपीचं. टनभर वजनाच्या सेदानमध्ये. व्हीटेकचं काम समजायला सोपं आहे. कॅमशाफ्टवर व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे असतात. इथे नेहमीच्या उंचवट्यांच्या शेजारी एक जास्त उंच उंचवटा आहे, जो एरवी नुसताच फिरतो. इंजिन पाच हजार आरपीएमच्या आसपास गेलं की तेलाच्या दाबानं एक पिन सरकते, रॉकर एकमेकांना जोडले जातात आणि व्हॉल्व्ह त्या उंच उंचवट्यावर चालू लागतात. जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात. तोवर गुणगुणणारं इंजिन एकदम ओरडायला लागतं. अमरावती रोडवर वाडीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की मी ते एकदा ऐकतो. एकदाच. मग आरशात पोलिस बघतो.

२००३ मध्ये सिटीचं पुढचं रूप आलं, आपल्याकडे जिला डॉल्फिन म्हणतात. तिच्या आय-डीएसआय इंजिनाची ताकद ७७ बीएचपी. मायलेज वाढलं, लोक खूश झाले, विक्री झाली. भारतात पेट्रोल परफॉर्मन्सचा शेवट कुठल्या वटहुकुमानं होण्याआधी 'देते किती' या प्रश्नानं केला, असं मी म्हणतो ते यामुळे.

बजेट कमी आहे. आज कोणती जुनी पेट्रोल गाडी घ्यावी?

पद्मिनी किंवा अँबॅसडरच्या मागे लागू नका. त्यांना वाचवणारे खूप आहेत आणि भावही चढलेत. १९९३ ते २०१० मधल्या गाड्या बघा. त्या आज कुणालाच क्लासिक वाटत नाहीत, म्हणून भंगारात चालल्या आहेत.

जुनी झेन: ९९३ सीसीचं पूर्ण ॲल्युमिनियमचं इंजिन, वजन साडेसातशे किलोच्या आत. गोकुळपेठ मार्केटच्या गर्दीत तिच्याइतकी चपळ गाडी नाही. एस्टीम: शेवटच्या काळातलं १.३ लिटरचं १६ व्हॉल्व्हचं इंजिन, ८५ बीएचपी. रॅलीवाल्यांनी ती गाडी उगाच डोक्यावर घेतली नव्हती. फोर्ड आयकॉन १.६. मित्सुबिशी लान्सर. फियाट पालिओ १.६, शंभर अश्वशक्ती आणि पेट्रोलची अशी तहान की पंपवाला नावानं ओळखू लागतो. पैसे थोडे जास्त असतील आणि काळीज वाघाचं असेल तर पहिली ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो, १५० बीएचपी. तिचा एक सेन्सर बदलण्यात माझ्या एका मित्राची दिवाळी गेली, हे आधीच सांगून ठेवतो.

यातली एखादी चांगल्या स्थितीत, पहिल्या मालकाकडून मिळाली तर थांबू नका. दहा वर्षांनी फुटाळ्यावर त्याच गाडीपाशी गर्दी असेल.

नागपूरच्या उन्हात जुनी गाडी खरंच चालते का?

चालते, पण तिला ऊन समजून घेणारा मालक लागतो. गेल्या काही वर्षांतला मे महिना. वर्ध्याहून परत येत होतो, दुपारचे दोन, बाहेर पंचेचाळीसच्या वर. बुटीबोरीच्या अलीकडे पद्मिनीनं दोन-तीन आचके दिले आणि बसली. सेल्फ मारला की फिरते, पण पकडत नाही. तापमानाचा काटा तर मधेच. मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, "पंपाले ताप आला असन. कपाळावर पट्टी ठेवा त्याच्या."

अर्थ असा, की या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असतो, इंजिनाच्या हालचालीवर चालतो. टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. गरमीनं पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ झाली की पंप नुसती वाफ चघळत बसतो, कार्बुरेटरपर्यंत थेंब जात नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात. समोर एक रसवंती होती. घुंगरं वाजत होती, मालक लाकडी खोक्यात बर्फ फोडत होता. त्याच्याकडून बर्फाचं पाणी घेतलं, रुमाल भिजवला, पंपावर गुंडाळला. चर्रर्र आवाज आला आणि वास आला ओल्या लोखंडाचा. दहा-बारा मिनिटं, उसाचे दोन ग्लास. मग सेल्फ मारला तर पहिल्याच फेऱ्यात सुरू. रसवंतीवाला म्हणाला, "आमच्या मोटारपंपालेबी असंच करतो आम्ही."

तेव्हापासून पेट्रोलची नळी गरम भागापासून दूर वळवून घेतली आहे, मधे पत्र्याची आडभिंत आहे, आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात एक जुना पंचा कायम असतो.

उरलेलं रेडिएटरचं. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्यानं 'गाडी हीट घेते' म्हणून थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप, काढून फेकला. नागपुरात हा उपाय अजूनही सर्रास चालतो. उन्हाळ्यात फरक शून्य पडला. डिसेंबरात मात्र इंजिन तापेचना, चोक ओढून फिरावं लागे, आणि डिपस्टिक काढली की तेलाला पेट्रोलचा वास. मूळ रोग वेगळाच होता: वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घालून रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचले होते. रेडिएटर उतरवून रॉडिंग केलं, म्हणजे नळ्या सळईनं साफ केल्या, नवा थर्मोस्टॅट आणि नवं झाकण बसवलं, कूलंट भरलं. झालं. बोअरचं पाणी कुलरला घाला, गाडीला नको.

आणि हो, उन्हाळ्यात गाडी 'ओढत नाही' ही तुमची कल्पना नाही. ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण नऊ टक्क्यांनी विरळ असते. तेवढा ऑक्सिजन कमी, तेवढी ताकद कमी. टर्बो गाड्यांची यातून सुटका होते असं नाही. इंटरकूलर तापला की संगणक स्वतःच इग्निशन मागे घेतो.

ई२० पेट्रोलनं जुनी गाडी खराब होते का?

गेल्या वर्षभरात सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न. आपले खासदार इथेनॉलचे सगळ्यात मोठे पुरस्कर्ते असल्यानं नागपुरात याचं उत्तर देताना माणूस आधी इकडेतिकडे बघतो. मी सरळ सांगतो. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल.

इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २० टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. आता कार्बुरेटरची गोष्ट. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला नऊच. म्हणजे ई२० ला साधारण साडेतेरा. नव्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि पेट्रोल वाढवतो. कार्बुरेटर आंधळा आहे. त्याच्या जेटचं भोक जेवढं, तेवढंच पेट्रोल तो देतो. परिणामी मिश्रण पातळ होतं, इंजिन गरम चालतं, थ्रॉटल दाबताना अडखळतं. आधीच उन्हात पोळणाऱ्या गाडीला हे परवडत नाही. उपाय आहे: मेन जेट थोडा मोठा. मी ११० च्या जागी ११५ टाकला, अडखळणं गेलं. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल. प्लग काढून रंग बघा. चॉकलेटी हवा, पांढरट नको.

दुसरं, रबर. जुन्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्बुरेटरचे वॉशर इथेनॉलसाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, झिरपतात. इंजिनाच्या गरमीत पेट्रोल झिरपणं म्हणजे विषाची परीक्षा. इथेनॉल चालेल अशा रबराच्या नळ्या मिळतात, त्या बदलून घ्या. दरवर्षी उन्हाळ्याआधी हातानं दाबून बघा. तिसरं, पाणी. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पावसाळाभर गाडी अर्ध्या टाकीवर उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळं बसतं. टाकी आतून गंजते आणि सप्टेंबरात पहिल्या सेल्फला तेच पाणी इंजिनात. टाकी भरलेली ठेवा किंवा रिकामी, आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी फिरवून आणा.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. इथेनॉलचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बरंच वर आहे आणि ते जळण्याआधी आतली हवा थंड करतं. त्यासाठीच बनवलेल्या, जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात ते उत्तम परफॉर्मन्स इंधन आहे. परदेशी ट्यूनिंगवाले ई८५, म्हणजे ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं इंधन, शोधत फिरतात ते काही पर्यावरणासाठी नव्हे. माझी तक्रार इथेनॉलशी नाही. पंपावर साध्या पेट्रोलचा वेगळा नळ ठेवला नाही, एवढीच आहे.

मग महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकू का?

पद्मिनीत नको, वाया. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, इंधन आपोआप पेट न घेण्याची क्षमता. ज्या इंजिनात ठोके येतात त्यालाच त्याचा उपयोग. टर्बो गाडीत, मे महिन्यात, हो.

जुन्या लोखंडी हेडच्या इंजिनांची अडचण वेगळी होती. २००० साली शिसं असलेलं पेट्रोल देशभर बंद झालं. ते शिसं व्हॉल्व्ह सीटवर संरक्षक थर धरायचं. इंजिन उघडलंच असेल तर कडक धातूच्या सीट बसवून घ्या.

पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारात द्यावी लागते का?

नाही. हा गैरसमज दिल्लीच्या बातम्यांमुळे पसरला. तिथल्या वयोमर्यादेचे आदेश राजधानी क्षेत्रापुरते आहेत. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारचं नूतनीकरण शुल्क १० हजार रुपये झालं. नूतनीकरणाआधी हॉर्न, वायपर, हँडब्रेक आणि सगळे दिवे स्वतः तपासा. माझी सिटी एकदा मागच्या नंबरप्लेटच्या दिव्यावरून परत पाठवली होती. दिवा वीस रुपयांचा, माझी रजा दोन दिवसांची.

विम्याचं थोडक्यात: पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. पहिला आकडा मान्य करू नका, फोटो आणि बिलं दाखवा.

समृद्धीवर नेऊ का?

सिटी नेतो, पद्मिनी नाही. शिवमडक्यावरून चढलं की मुंबईच्या बाजूला ७०१ किलोमीटर सरळ काँक्रीट, मर्यादा १२०. ज्या गाडीला ७० ला गाणं सुचतं, तिला मागून १२० नं येणारी गाडी काळासारखी वाटते. आणि टायर! नक्षी शाबूत म्हणजे टायर चांगला, असं नसतं. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. तसला टायर तापलेल्या काँक्रीटवर नेऊ नका, कितीही नवा दिसला तरी.

फटाके फोडणारा सायलेन्सर लावू का?

नको. कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड, परवानाही जातो. शिवाय शेजारी.

आता स्वस्तात जोरदार पेट्रोल गाडी का मिळत नाही?

कर. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर ती 'छोटी गाडी', ही रेघ जवळजवळ वीस वर्षांपासून आहे. सप्टेंबर २०२५ च्या बदलानंतर अशा गाडीवर जीएसटी १८ टक्के, रेघेबाहेरच्या गाडीवर ४०, आणि इलेक्ट्रिकवर ५. मग कुठली कंपनी आपल्यासाठी हलकी, १.६ लिटरची हॅचबॅक बनवेल? त्यामुळे एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो आलं. कागदावर ते माझ्या व्हीटेकपेक्षा ताकदवान आहे, खालच्या आरपीएमला ओढतंही छान. पण पाच हजारांच्या पुढे त्याला सांगण्यासारखं काही नसतं.

खरी मजा हवी तर २०२५ मध्ये भारतात गोल्फ जीटीआय आली, २६५ पीएस, शोरूम किंमत ५३ लाख. नवी ऑक्टाव्हिया आरएस फक्त शंभर. दोन्ही हातोहात गेल्या. म्हणजे शौकीन आहेत. फक्त ते आता मास्तर किंवा बँकेतले कारकून नाहीत.

पेट्रोल परफॉर्मन्स इंजिन संपणार का?

इतक्यात नाही. पण ते कुणाच्या हातात राहील, ते बदलतं आहे.

युरोपनं २०३५ पासून नव्या गाड्यांचं कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायचं ठरवलं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये तिथल्या आयोगानं ते ९० टक्के कपातीवर सैल करण्याचा प्रस्ताव मांडला. कंपन्याही एका रांगेत चालत नाहीत. मर्सिडीजनं सी ६३ मधून व्ही ८ काढून दोन लिटरचं हायब्रिड घातलं, ताकद ६८० पीएस केली, तरी शौकिनांनी नाक मुरडलं. पोर्शेनं २०२४ च्या ९११ जीटीएसमध्ये टर्बोच्या आतच विजेची मोटर बसवली, म्हणजे टर्बो फिरायची वाट बघावी लागत नाही. फेरारीनं त्याच वर्षी ६.५ लिटरचं व्ही १२ काढलं, ना टर्बो ना बॅटरी, साडेनऊ हजार आरपीएम. पोर्शेची भागीदारी असलेल्या चिलीतल्या कारखान्यात वाऱ्याच्या विजेपासून हायड्रोजन, आणि त्यापासून पेट्रोल बनतं. त्यात इतकी वीज खर्च होते की तीच थेट बॅटरीत भरली तर गाडी कितीतरी लांब जाईल. पण जुन्या गाड्यांसाठी, थोड्या प्रमाणात, मला ती कल्पना आवडते.

आपल्याकडे एप्रिल २०२७ पासून इंधनवापराचे पुढचे कॅफे निकष यायचे आहेत. त्यात कंपनीच्या सगळ्या गाड्यांची सरासरी धरतात. म्हणजे जो जोरदार पेट्रोल गाडी विकेल, त्याला बदल्यात इलेक्ट्रिक आणि हायब्रिड विकाव्या लागतील. श्रीमंतांची इंजिनं टिकतील. कायदा माझ्या सिटीला रस्त्यावरून हटवायच्या आधी तिचा डिस्ट्रिब्युटर मिळेनासा होईल. तीन वर्षांपूर्वी एक जोडी इंजिन माउंटिंग शोधायला मला चार महिने लागले. शेवटी ती मोमिनपुऱ्यातल्या एका जुन्या पार्टवाल्याकडे, डॉल्फिनच्या बंपरखाली सापडली.

इलेक्ट्रिक गाडी तर याहून वेगवान आहे. मग हा हट्ट कशाला?

आहेच. भाच्याची इलेक्ट्रिक एसयूव्ही सिग्नलवर माझ्या व्हीटेकला लाजवते. रोज ऑफिसला जायला मीही उद्या तीच घेईन. पोहे दोन मिनिटांत तयार मिळतात म्हणून तर्री कुणी सोडलेली नाही.

पद्मिनीत इलेक्ट्रिक किट बसवू का?

मान्यताप्राप्त किट आणि आरटीओची नोंद असेल तर कायदेशीर आहे. इंजिन आधीच गेलेलं असेल तर जरूर विचार करा. चालू इंजिन काढून नको. काढलंच, तर मला आधी फोन करा, मी घेऊन जाईन.

पुढे मिळेल न मिळेल, म्हणून पेट्रोल साठवून ठेवू का?

हा प्रश्न मला खरंच विचारला गेला, तोही ज्या शहरात पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आहे तिथे! घरात साठवण्यावर कायद्याच्या मर्यादा आहेत, आणि काही महिन्यांत पेट्रोल शिळं होतं. त्यापेक्षा पंपाचे पडदे आणि पॉइंट-कंडेन्सर साठवा.

विकत घेताना काय बघू?

लोहचुंबक न्या. दारांच्या खालच्या कडांवर, मडगार्डवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरली आहे. विदर्भातल्या कोरड्या हवेत राहिलेली गाडी मुंबई-कोकणातल्या गाडीपेक्षा पत्र्यानं नक्की बरी. इंजिन थंड असताना जा. मालकानं 'तुमच्यासाठी गरम करून ठेवली' म्हटलं की सावध व्हा. सुरू करताना निळा धूर म्हणजे तेल जळतं. रेडिएटरच्या झाकणाखाली तपकिरी साय दिसली तर हेड गॅस्केट फुंकली असणार.

आणि कागद. मी एक एस्टीम अशीच गमावली. गाडी सुंदर, मालक सज्जन, पण आरसीवरचं नाव त्याच्या आधीच्याच्या आधीच्या मालकाचं. तो माणूस जाऊन पाच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला, फोन उचलेना. टोकनचे पैसे परत मिळाले हेच नशीब. आरसीवरच्या माणसाला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय रुपयाही देऊ नका. चासी नंबर पेन्सिलीनं कागदावर घासून घ्या आणि पुस्तकाशी अक्षर अन् अक्षर जुळवा.

चांगला मिस्त्री कुठे मिळेल?

सगळ्या प्रश्नांतला हा खरा. नाव-पत्ता देत नाही. त्यांना फोन घेणं आवडत नाही आणि जागाही दोनच गाड्यांची आहे. सक्करदऱ्याच्या बाजूला जुन्या गॅरेजांच्या ओळीत विचारत जा. ओळख अशी: ज्याच्या भिंतीवर स्कॅनर नाही पण खिशात फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आहे. आमचे मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर ठेवतात, मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात. "तिसऱ्याचा टॅपेट बोलून रायला," म्हणतात, आणि तिसऱ्याचाच असतो. वय सत्तरीपुढे. मुलगा त्याच शेडच्या दुसऱ्या अर्ध्यात इलेक्ट्रिक स्कूटर दुरुस्त करतो. धंदा त्याचाच जास्त. पण व्हॉल्व्ह लॅपिंग, म्हणजे काठीनं फिरवत व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवायची वेळ आली की वडिलांचे हात थरथरतात म्हणून काठी आता तोच फिरवतो, आणि वडील बाजूला स्टुलावर बसून आवाजावरून सांगतात, अजून, अजून, बस.

जायचं तर सकाळी अकराच्या आत जा. उन्हाळ्यात बारानंतर शटर अर्धं ओढून दोघंही झोपतात.